गाडीसाठीचं नॅनो सिरॅमिक कोटिंग: ‘९एच’ला भुलू नका

पॉलिसिलाझेन या सिलिकॉन-नायट्रोजनयुक्त रसायनावर आधारलेलं द्रव कोटिंग हवेतल्या ओलाव्याशी अभिक्रिया होऊन सिलिकासारखा कडक थर बनवतं. पाणी मण्यांसारखं घरंगळतं, चिखल पटकन निघतो. इथवर उत्पादन पैसे वसूल करतं.

पण डब्यावरचं ‘९एच’ हे पेन्सिल-कठीणतेचं माप आहे, म्हणजे थर किती कडक पेन्सिलीच्या ओरखड्याला टिकतो ते; खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्स श्रेणीचं नव्हे. थर फार पातळ, त्यामुळे दगडाचे टोले किंवा किल्लीचा ओरखडा तो अडवत नाही. असा दावा दिसला तर सरळ दुर्लक्ष करा.

खरी मेहनत आधीची. धुणं, क्ले बारने (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ वडीने) खरखर काढणं, पॉलिश आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. तेलाचा अंश राहिला की थर धरतच नाही. सावलीत, थंड पत्र्यावर, एका वेळी साधारण ५० × ५० सेंमीच्या भागावरच कोटिंग लावा. इंद्रधनुषी झाक दिसली की लगेच मायक्रोफायबरने पुसा. उशीर झाला तर डाग घट्ट बसतात आणि ते पॉलिशनेच निघतात. वापरलेलं कापड टाकून द्या, वाळल्यावर तेच ओरखडे पाडतं.

जड (क्षारयुक्त) पाण्याचे डाग मात्र या थरावरही पडतात, म्हणून धुतल्यावर गाडी कोरडी करायलाच हवी. उघडलेली बाटली ओलाव्याने घट्ट होते. लहान बाटलीच घ्या.