टाइम्स स्क्वेअरला राहायचं की लाँग आयलंड सिटीत?
मैत्रीण आई-बाबांना ब्रॉडवेचे नाटकांचे शो दाखवायला न्यूयॉर्कला नेतेय, गाडं हॉटेलवर अडलंय. भाडं नदीपलीकडच्या लाँग आयलंड सिटीत बहुतेक वेळा कमी. पण टाइम्स स्क्वेअरला रात्री साडेदहाला शो सुटला की चालत पाच-दहा मिनिटांत खोलीवर, 47व्या स्ट्रीटच्या टीकेटीएस या तिकीट खिडकीवर त्याच दिवसाची स्वस्त तिकिटं घ्यायलाही पायीच. झोपेचं मात्र खोबरं, सायरन रात्रभर, त्यात खोल्या एवढ्याशा की बॅग उघडली की पाय कुठे ठेवायचा! वरच्या मजल्यावरची मागची खोली मागायची. लाँग आयलंड सिटीतून 7 नंबरची सबवे टाइम्स स्क्वेअरला थेट येते, पंधरा-वीस मिनिटं, पण वीकेंडला रुळांची कामं निघाली की बोंब.

दोनच रात्री, दोन शो आणि आईचे गुडघे, तर टाइम्स स्क्वेअरच. आठवडाभर भटकणार असाल तर लाँग आयलंड सिटी.