पायलटच्या मेडिकलची ‘सेटिंग’ आणि आमचे 65,000

मुलाची बारावी झाली आणि पायलटच व्हायचं ठरलं. डावा कान लहानपणापासूनच दुखणाईत. सर्दी झाली, पोहून आला, की वाहायचा. पडद्याला भोक आहे हे आम्हाला माहीत होतं, आणि नेमकी तीच भीती पायलटची मेडिकल तपासणी ‘करून देणाऱ्या’ एका एजंटने ओळखली.

कर्वे रोडला तिसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस, टेबलावर विमानाचं मॉडेल. कानाचं नाव काढताच आवाज खाली आणून म्हणाला, “काका, कान म्हणजे परमनंट अनफिट. एकदा शेरा पडला की संपलं. आपले डॉक्टर आहेत, करून देतो.” 65,000 रुपये, यूपीआयने, कुठल्याशा बाईंच्या खात्यावर. पावती मागितली तर, “विश्वास नाही का काका?” एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारा मी, तिथे गप्प बसलो. मेडिकलचा अर्ज जिथे भरतात त्या सरकारी ईजीसीए पोर्टलचा, पोराच्या खात्याचा पासवर्डही देऊन टाकला.

आठ दिवसांनी फाइल आली. आत ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या टेस्टचा आलेख. मुलगा म्हणाला, “बाबा, मी ही टेस्ट दिलेलीच नाही.”

तेव्हा कुठे आमच्या जुन्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागद उजेडात धरला. “उजवा कान लाल गोलाने दाखवतात, डावा निळ्या फुलीने. इथे उलटं आहे. आणि दोन्ही रेघा टिंबाला टिंब सारख्या? भोक असलेला कान असा ऐकतो होय?” मग त्यांनी खरी टेस्ट केली. डाव्या कानाला 500 हर्ट्झचा आवाज 40 डेसिबलपर्यंत वाढवल्यावरच ऐकू येत होता; हा आकडा जितका कमी तितका कान चांगला. क्लास वन, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या मेडिकलसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 500, 1000, 2000 हर्ट्झला 35 आणि 3000 ला 50 डेसिबल. म्हणजे घोडं अडलं होतं ते फक्त पाच डेसिबलवर!

“संपलं कोण म्हणालं?” त्या म्हणाल्या. भोक असताना सहसा तात्पुरतं अनफिट करतात. कानामागचा पातळ पापुद्रा घेऊन पडदा शिवता येतो. तो धरला, ऐकू नीट आलं, नाक दाबून फुंकल्यावर पडदा हलला, की पुन्हा तपासणीला जाता येतं.

पोर्टल उघडलं तर अर्ज ड्राफ्टमध्येच होता, म्हणून वाचलो. ‘कानाचा आजार?’ समोर चक्क ‘नाही’. खाली खरेपणाची हमी, ती अर्थात माझ्या मुलाच्या नावावर. पासवर्ड तिथल्या तिथे बदलला. क्लास टू, म्हणजे क्लास वनच्या आधीची पहिली मेडिकल तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची यादी डीजीसीएच्याच (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) साइटवर असते, फी थेट त्यांच्याकडे भरायची. मधे कुणी लागतच नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन दीड महिना झाला होता. ऑफिसला कुलूप. मुलाचं ऑपरेशन झालंय, कानात कापूस आहे, जोरात शिंकरायला बंदी. आणि माझ्या फोनमध्ये त्या माणसाचा शेवटचा मेसेज तसाच आहे: “काका, रिफंड प्रोसेसमध्ये आहे.”