'गॉन टू' की 'बीन टू'?

'शी हॅज गॉन टू लंडन' आणि 'शी हॅज बीन टू लंडन' ही वाक्यं सर्रास एकाच अर्थाने बोलली जातात. प्रत्यक्षात पहिल्या वाक्यातली ती अजून लंडनमध्ये आहे, निदान वाटेत तरी आहे. दुसऱ्यातली कधीच परतलीय.

हा फरक मराठी माणसाला अवघड जायचं कारण नाही. 'ती लंडनला गेलीय' म्हणजे 'गॉन', 'ती लंडनला जाऊन आलीय' म्हणजे 'बीन'. मला तर व्याकरणाच्या नियमापेक्षा हे 'जाऊन येणं'च जास्त भरवशाचं वाटतं. चूक होते ती शाळेत 'गो, वेंट, गॉन' घोकल्यामुळे. जाण्याची गोष्ट निघाली की तोंडात 'गॉन'च येतं.

त्यातून 'आय हॅव गॉन टू लंडन' तयार होतं. बोलणारा तर समोर उभा आहे! तिथे 'आय हॅव बीन टू लंडन' हवं. 'तू कधी पॅरिसला गेलायस का?' याचंही इंग्रजी 'हॅव यू एव्हर बीन टू पॅरिस?' असंच होतं, कारण प्रश्न अनुभवाचा आहे.

नेमकी वेळ सांगायची असेल तर 'गॉन' आणि 'बीन' दोन्ही सोडून द्या आणि 'वेंट' वापरा: 'शी वेंट टू लंडन लास्ट इयर.'

आणि 'टू'च्या जागी 'इन' आलं की अर्थ पुन्हा फिरतो. 'शी हॅज बीन इन लंडन फॉर टू इयर्स' म्हणजे ती दोन वर्षांपासून तिथेच आहे.