ॲक्सिलरेटर दिला की येणारा आवाज: सर्व्हिस सेंटर की ओळखीचा मिस्त्री?

गाडी जुनी झाली की आवाज करणारच. पण ॲक्सिलरेटर दाबला की येणारा आणि पाय उचलला की थांबणारा आवाज अंगावर काढू नये. माझी पेट्रोल हॅचबॅक 2010 ची. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि दोनच महिन्यांत कन्नड घाट चढताना दुसऱ्या गिअरला ‘घर्र... धड’ सुरू झालं. चाळीसगावकडे उतरताना गाडी एकदम शांत. दोन्हीकडे दाखवून झालं, म्हणून लिहितोय.

सर्व्हिस सेंटरचे फायदे खरे आहेत. पक्कं बिल, ओरिजिनल पार्ट, स्कॅनर. चेक इंजिनचा दिवा लागत असेल, गाडी मिसिंग करत असेल, एबीएसचं काही असेल तर सरळ तिथेच जावं. पण स्कॅनर सेन्सरचं सांगतो. फाटलेलं रबर किंवा घासणारा सायलेन्सरचा पाइप त्याला दिसत नाही.

माझं मन मात्र एका वेगळ्याच गोष्टीवरून उडालं. आवाज मी काउंटरवरच्या ॲडव्हायझरला सांगितला, चावी दिली आणि काचेमागे बसून राहिलो. समोर माझी गाडी दिसत होती. एका मुलाने बॉनेट उघडलं, न्यूट्रलमध्येच दोनदा रेस केली, बॉनेट लावलं. न्यूट्रलमध्ये इंजिनवर लोड येत नाही, मग चढावरचा आवाज येणार कुठून? म्हटलं, मी शेजारी बसतो, घाटापर्यंत जाऊन येऊ. “सर, तसं अलाउड नाही.” मग कुणीतरी गाडी रस्त्यावर जरा फिरवून आणली. जॉबकार्डवर ‘आवाज आढळला नाही’ आणि खाली लोअर आर्म, शॉकअब अशा सस्पेन्शनच्या पार्टचं एस्टिमेट. ज्याला आवाज सांगितला त्याने गाडी चालवली नाही, आणि ज्याने चालवली त्याची माझी गाठच पडली नाही. सगळीकडे असंच असेल असं म्हणत नाही, पण मला हे फार लागलं.

मग धुळे रोडच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने हातातला पाना खाली ठेवला. “आवाज कथाईन ई ऱ्हायना, भाऊ?” (कुठून येतोय?) म्हणाला आणि शेजारच्या सीटवर येऊन बसला. सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडला गाडी न्यूट्रल करायला लावली. आवाज नाही, म्हणजे बेअरिंग-टायरचा प्रश्न नाही. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवली. कटकट नाही, म्हणजे एक्सलचा बाहेरचा जॉइंट बरा. चढाला आवाज आला, तेव्हा मान हलवून म्हणाला, गाडी बाजूला घ्या.

मग बॉनेट उघडून तो समोर न थांबता बाजूला उभा राहिला. मला हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून, पहिला टाकून क्लच अगदी थोडा सोडायला सांगितलं. इंजिन एका बाजूने चांगलं तीन बोटं उचललं गेलं आणि क्लच दाबताच धाडकन खाली बसलं. त्याने टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटलं, तर फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचं, रबर लोखंडापासून सुटलेलं. बोटाला काळी भुकटी लागली. इंजिन कलंडलं की सायलेन्सरचा पाइप खाली घासायचा, ती ‘घर्र’. आपल्याकडच्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होत असावं, हा माझा अंदाज.

मिस्त्रीकडे पक्कं बिल नाही, आणि लग्नसराईत तो दोन-दोन दिवस जागेवर सापडत नाही. पार्टकडेही आपणच लक्ष द्यावं लागतं. स्वस्तातलं फाउंडेशन कडक असतं, मग गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरतं. मी ओरिजिनल स्वतः दुकानातून आणून दिलं. तेव्हापासून दोनदा घाट चढलो, आवाज नाही.

तुम्हाला सर्व्हिस सेंटरच बरं वाटत असेल, तर बुकिंग करतानाच विचारा: टेस्टला मला सोबत घ्याल का? हो म्हणाले तर बिनधास्त जा. एसी आणि वायरिंगचं काम मीही अजून तिथेच देतो. आवाजासाठी मात्र धुळे रोडला, तेही इंजिन तापलेलं असताना.