‘ताई, पन्ह्याला तुमचाच टेप लावा’

आमचा सोफा १९९६ सालचा. सासऱ्यांनी सांगलीतच सुताराकडून सागवानात करून घेतलेला, तीन माणसांचा एक आणि दोन खुर्च्या. लाकडाला अजून काही झालेलं नाही, पण गाद्यांवरच्या रेक्झिनच्या खपल्या निघायला लागल्या होत्या. उन्हाळ्यात त्या बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना चिकटायच्या. सगळ्या गाद्या नव्याने मढवून घ्यायचे १६ हजार सांगितले. तेवढे खर्च करायची आमची तयारी नव्हती. माझ्याकडे पायमशीन आहे, घरातले पडदे-अभ्रे मीच शिवते. गौरी-गणपतीच्या आत सोफ्याच्या खोळीही घरीच शिवायच्या असं ठरवलं.

आधी नीट हिशेब केला. बसायच्या पाच गाद्या आणि पाठीच्या पाच, प्रत्येक २२ इंच चौरस आणि ५ इंच जाड. शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, धरून २४ इंचांचे तुकडे, म्हणजे ५४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) शेजारी शेजारी दोन बसतात. बाजूच्या पट्ट्या आणि हातांवरची कव्हरं धरून १४ मीटर कापड लागणार होतं. चौकटीच्या वहीत सगळा बेत काढून ठेवला होता.

त्याच आठवड्यात जवळच्या मंगल कार्यालयात कापडाचा सेल लागला. ‘इचलकरंजीच्या मागावरचा थेट माल, प्युअर कॉटन’ असा फलक होता. मी गेले ती रविवारी संध्याकाळी, सेलच्या शेवटच्या दिवशी. गर्द मरून रंगाचा एक तागा आवडला. हाताला कापड जाड, ताठ लागत होतं. किंमत २२० रुपये मीटर. मी पन्हा विचारला तर विकणारा माणूस म्हणाला, “ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पन्ह्याला तुमचाच टेप लावा.” मी पिशवीतून टेप काढून लावला. ५४ इंच भरला, अगदी चोख. तिथेच मी फसले. ज्या माणसाने पन्हा आपणहून मोजायला लावला, तो लांबीत मारेल हे माझ्या मनातही आलं नाही. त्याने रंग उडालेली लोखंडी पट्टी घेतली आणि भराभर कापड सारत मोठ्याने मोजलं, “एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर...” मी कापडाकडे बघत होते, पट्टीकडे नाही.

“धुतल्यावर आटेल का?” असंही विचारलं होतं. “प्री-श्रंक आहे ताई, सरळ कात्री लावा.” बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल. ३०८० रुपये रोख दिले आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी घेऊन घरी आले. चिठ्ठीवर एक मोबाइल नंबर होता. तो नंतर कधीच लागला नाही.

मंगळवारी बेतायला बसले. संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की कापड पुरत नाही. थोडंथोडकं नाही, पाठीच्या दोन गाद्यांचे मागचे तुकडे आणि एका खुर्चीच्या हातांची कव्हरं राहत होती. मला वाटलं माझंच चुकलं. रात्री साडेअकरापर्यंत वही घेऊन बसले, सगळ्या बेरजा तीनदा केल्या. चूक सापडेना. सासूबाई म्हणाल्या, “अगं, होतं असं, एखादा तुकडा आडवा कापला गेला असेल.” मलाही ते पटलं. इतकी वर्षं शिवणारी मी, आणि माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही. याचा राग मला पैशापेक्षा जास्त आहे. शेवटी मागच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, जुन्या चादरीचं कापड जोडलं. क्रीम रंगाच्या कापडाच्या उरेब, म्हणजे तिरक्या, पट्ट्या कापून, आत दोरी घालून पाइपिंग लावलं. १६ नंबरच्या सुईने, दुपारची कामं उरकून, नऊ दिवसांत दहा खोळी आणि हातांची कव्हरं झाली. गौरींना आलेल्या बायकांनी कौतुकही केलं.

विसर्जनानंतर पहिल्यांदा धुवायला काढल्या. बादलीत एक खोळ भिजवली आणि थोड्या वेळाने बघते तर पाणी पेजेसारखं घट्ट झालेलं, वर लालसर तवंग. खोळ पिळून उचलली तर हातात जाळी आल्यासारखं वाटलं. ताठपणा सगळा गेला होता. वाळल्यावर गादीवर चढवायला गेले तर चढेना. २४ इंचांचा मधला तुकडा उसवून मोजला तर साडेबावीस इंच भरला. क्रीम पाइपिंग गुलाबी झालं होतं. ओढून-ताणून एक खोळ बसवली, तर आतलं रेक्झिन वरून दिसत होतं.

माझा मामेभाऊ इचलकरंजीत सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला आहे. तो आला तेव्हा उरलेलं न धुतलेलं चिंधूक त्याच्या हातात दिलं. त्याने ते काळ्या पँटवर धरून दोन्ही हातांनी खसाखसा चोळलं. पँटवर पांढरी भुकटी पडली. “आक्का, ह्यात सूत कमी आन् खळच जास्त. खळ मागावर लागतीच, न्हाईतर सूत तुटतंय. पण ही वरनं चोपडलीया, पातळ कापड जाड वाटावं म्हणून.”

मग मी त्याला वही दाखवली, माझी बेरीज कुठे चुकली बघ म्हणून. त्याने बेतलेल्या सगळ्या तुकड्यांची लांबी मिळवली. ५०३ इंच. क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ह्याला छत्तीसनं भाग बरं.” भागलं तर जवळजवळ १४. मीटर म्हणजे ३९ इंचांहून थोडा जास्त, १४ मीटरचे ५५१ इंच व्हायला हवे होते. गज ३६ इंचांचा. त्या माणसाने तोंडाने मीटर म्हणत गजाच्या पट्टीने मोजलं होतं. चार फूट कापड, म्हणजे २६४ रुपये, त्याने एका गिऱ्हाइकाकडून तिथल्या तिथे मारले. तीन दिवसांत तिथे किती बायका येऊन गेल्या असतील! माझी बेरीज बरोबर होती, हे कळल्यावर मला रडू आलं.

म्हणून हे सगळं लिहिते आहे. सेलमध्ये पन्हा मोजायला लावला म्हणजे लांबी खरी, असं धरू नका. मोजायला सुरुवात करायच्या आधी त्यांच्या पट्टीलाच आपला टेप लावा. शिवणाच्या टेपवर एका बाजूला सेंटिमीटर असतात, तिथे बरोबर १०० भरले पाहिजेत. मापाच्या पट्टीवर वैधमापन शास्त्र निरीक्षकाचा शिक्का लागतो, आणि गजाने मोजून विकणं कायद्यात बसतच नाही. पट्टी दाखवायला कुणी कुरकुर करत असेल तर तागा तिथेच ठेवून बाहेर पडा. कापड गडद कपड्यावर चोळून बघा, उजेडासमोर धरून बघा, ओला पांढरा रुमाल घासून रंग लागतो का तेही बघा. याला एक मिनिट लागतं.

आणि बिल घ्याच. जीएसटीची भीती घालतात, पण साध्या सुती कापडावर तो ५ टक्के असतो. माझ्या खरेदीवर दीडशेच्या आसपास झाला असता, त्याच्यासाठी मी हातातला पुरावा सोडला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत परत घ्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावली म्हणून दुकानदार यातून सुटत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मला हे सगळं माहीत होईपर्यंत त्या कार्यालयात दोन लग्नं होऊन गेली होती आणि माझ्याजवळ नावगाव नसलेली एक चिठ्ठी होती.

सगळ्यात मोठी चूक माझी एकच, न धुता कात्री लावली. आता नेहमीच्या दुकानातून बदामी रंगाची दोसुती (दुहेरी सुताचं जाड कापड) आणली आहे, १६ मीटर, शिक्क्याच्या पट्टीने माझ्यासमोर मोजलेली, पक्क्या बिलासह. आधी वीतभर तुकडा गरम साबणाच्या पाण्यात धुऊन, इस्त्री करून मोजला. मग अख्खं कापड रात्रभर भिजवून गच्चीवर वाळत घातलं. १५ मीटर ३० सेंटिमीटर भरलं. तेवढं धरूनच वहीत नवा बेत काढला. मोठ्या सोफ्याच्या बसायच्या तीन खोळी शिवून झाल्या आहेत. पाइपिंग या वेळी त्याच कापडाचं लावलं.