हम पाँच परत बघितली, फोटोतल्या बाईसाठी तरी बघाच

रविवारी घोडबंदरवरून कुठे जायचं म्हणजे मेट्रोच्या कामात जाऊन अडकायचं, त्यापेक्षा घरीच बसलो आणि लेकीला म्हटलं चल तुला आमच्या वेळची सिरीयल दाखवते. हम पाँच, 1995 ची, झी टीव्हीवरची. तेव्हा आम्ही वर्तकनगरला म्हाडाच्या बिल्डिंगमध्ये, घरी फक्त दूरदर्शन, केबल समोरच्या काकूंकडे, मग आम्ही तिघी बहिणी पटापट जेवून त्यांच्या दारात हजर. काकू कधी एक शब्द बोलल्या नाहीत, काकांचं तोंड मात्र अजून आठवतं, त्यांना नेमक्या तेव्हाच बातम्या लावायच्या असायच्या.

आता तीन मुली म्हटल्यावर आमच्या बाबांना लोक काय काय ऐकवायचे ते सांगायला नको. पण ही सिरीयल सुरू झाली आणि त्यांना उत्तरच सापडलं. कोणी 'तिन्ही मुलीच का हो' म्हटलं की बाबा म्हणायचे, माथुरांपेक्षा दोन कमीच आहेत अजून!

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, आनंद माथुर म्हणजे अशोक सराफ, पहिल्या बायकोच्या तीन मुली (त्यातल्याच राधिका आणि स्वीटी), दुसरीच्या दोन (त्यातली एक काजलभाई), आणि गेलेली पहिली बायको हॉलमधल्या भिंतीवर फोटोत, तिथून ती नवऱ्याशी बोलते, टोमणे मारते. दुसरी बायको शोमा आनंद. निर्मिती एकता कपूरची, ती तेव्हा जेमतेम विशीची होती, सासू-सून प्रकरण सुरू व्हायच्या आधीची ही एकता.

खरं सांगते, पहिले दोन भाग बघताना मी जरा ओशाळले. मागून सारखं ते रेकॉर्डेड हसू, सगळे एकाच हॉलमध्ये ओरडतायत, आणि राधिकाला कमी ऐकू येतं यावर इतके जोक की लेक म्हणाली, आई यात हसण्यासारखं काय आहे, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा आपण हसलो होतो हे खरंय. राधिका काही भागांत विद्या बालन आहे हे कळल्यावर बाईसाहेब जरा सावरून बसल्या, पण मग नटीच बदलली तर परत कटकट. काजलभाई मात्र तिला पहिल्या मिनिटापासून आवडली. माझ्या मधल्या बहिणीने तिच्यासारखे केस कापून घेतले होते आणि आईने दोन दिवस अबोला धरला होता, ते सांगितल्यावर तर जास्तच.

पण सिरीयल तगते ती अशोकमामांमुळे. बनवाबनवीतला धनंजय माने सगळ्यांना गुंडाळतो, इथे त्यांना पाच पोरी गुंडाळतात, आणि ते नुसते ऐकत उभे असतात ना, तेच बघायचं. वाक्य दुसऱ्याचं असतं आणि हशा मामा घेऊन जातात. लहानपणी मला हे दिसलंच नव्हतं, माझं सगळं लक्ष स्वीटीच्या कपड्यांकडे.

आणि फोटोतली बाई, प्रिया तेंडुलकर! हिने 1985 साली दूरदर्शनवर रजनी केली होती, गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारणारी, तिच्या नावाने आमची आई भाजीवाल्याला दम द्यायची. त्या बाईला दहा वर्षांनी नेऊन फ्रेममध्ये बसवलं, हलायला जागा नाही, फक्त तोंड आणि डोळे, आणि तरी घरातली सगळ्यात जिवंत तीच वाटते. मामा किचनकडे एक डोळा ठेवून दबक्या आवाजात तिच्याशी बोलतात तेव्हा हिंदी सिरीयल चाललीय हे विसरायलाच होतं, गडकरी रंगायतनला तिसऱ्या रांगेत बसून मराठी नाटक बघतोय असं वाटतं. दोघांनाही थांबायचं कधी ते बरोबर माहीत. 2002 साली ती गेली. आता तिचा हार घातलेला फोटो बघताना हसता हसता एकदम कसंतरी झालं, लेकीला काही बोलले नाही.

माझे पाचपैकी साडेतीन. एका बैठकीत दोनच भाग बघा, तिसऱ्याला डोकं दुखतं, आणि आवाज कमी ठेवा नाहीतर ते रेकॉर्डेड हसू शेजारपर्यंत जातं. झीच्या ॲपवर आहे. शेजारची पूजा आंटी, जिला कोणी आंटी म्हटलेलं चालत नाही, ती आली की मात्र आवाज वाढवा.

कारण चौथ्या भागाच्या मधेच बेल वाजली, मिसळ आली होती, दार उघडलं तर तो पोरगा म्हणतो, आंटी ओटीपी सांगा. मी तोंड उघडायच्या आत आतून सोफ्यावरून आवाज, आंटी मत कहो ना! तो बिचारा घाबरून म्हणाला, सॉरी मॅडम.