जीएच-केएच पावडर, नऊ महिन्यांनंतर: पावडर चांगली, बरणीने घात केला

पाच आठवड्यांत माझ्या माशांच्या टँकमधले 11 चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी) गेले. एकदम नाही, दोन-तीन दिवसांनी एकेक. त्या काळात टीडीएस पेनचा (पाण्यात एकूण क्षार किती विरघळलेत त्याचा अंदाज देणाऱ्या पेनचा) आकडा जागचा हलला नव्हता: 200, 198, 203. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सोबतचे एंबर टेट्रा मासे मजेत. आणि तरी दर दोन-तीन दिवसांनी चिमट्याने एक गुलाबी पडलेला श्रिंप बाहेर काढायचा.

काय होतंय ते सातव्या-आठव्या मृत्यूनंतर उमगलं. एक मादी मॉसवर कुशीला पडली होती, पाय हलत होते. भिंग लावून पाहिलं, तर डोकं आणि धड जिथे जुळतं तिथे पांढरा पट्टा, दोरा गुंडाळल्यासारखा सगळीकडून फिरलेला. श्रिंप नीट कात टाकतो तेव्हा कवच मानेच्या वरच्या बाजूला फाटतं, तो एका झटक्यात बाहेर उडी घेतो आणि मागे मिशांसकट अख्खं पारदर्शक कवच राहतं. हिचं कवच गोलाकार चिरलं होतं आणि ती मधेच अडकली होती. संध्याकाळपर्यंत गेली.

कात अडकते म्हटल्यावर पहिला संशय जीएचवर, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमवर. पण जीएच कमी कसा असेल? मी तर आरओच्या (क्षार काढलेल्या) पाण्यात नऊ महिने हीच जीएच-केएच वाढवणारी पावडर घालतेय आणि पेन 200 दाखवतंय.

माझी मांडणी आधी सांगते. 60 लिटरचा टँक, खाली साधी वाळू (सॉइल नाही, त्यामुळे तळाचा पाण्यावर परिणाम नाही), स्पंज फिल्टर, साधारण 40 चेरी आणि 9 एंबर टेट्रा. नळाचं पाणी जीएच 15, केएच (म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट) 11, टीडीएस 420. त्या पाण्यात पिल्लं टिकत नव्हती म्हणून आरओवर आले. आठवड्याला 10 लिटर पाणी बदलते. बादलीत शुद्ध आरओ घ्यायचं, पावडर घालायची, हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा) लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी पेनवर 200 आलं की ठिबक नळीने टँकमध्ये सोडायचं. डब्यावर लिहिलंय 10 लिटरला 2 ग्रॅम, जीएच 6 आणि केएच 3. पहिले काही महिने उत्तम गेले. माद्यांच्या पोटाशी अंडी दिसायला लागली, मॉसमध्ये मिलिमीटरभर पिल्लं फिरायला लागली. तेव्हाच अनुभव लिहिला असता तर डोळे झाकून पाच तारे दिले असते.

आता चमच्याबद्दल. बरणीत एक प्लास्टिकचा चमचा येतो, 'एक चमचा = 2 ग्रॅम'. सपाट की शीग लावून, हे कुठेही छापलेलं नाही. चमच्याच्या कडेवर रेष नाही. मी 0.01 ग्रॅमच्या काट्यावर दहा वेळा मोजलं, प्रत्येक वेळी सुरीने सपाट करून. सगळ्यात कमी 1.7, सगळ्यात जास्त 2.6. दाबून भरला की जास्त, सैल भरला की कमी, बरणी जुनी होऊन गुठळ्या धरायला लागली की वेगळंच. पावडरमध्ये कॅल्शियम क्लोराइड असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं, मग तुम्ही पावडरबरोबर पाणीही मोजत असता. ज्या वस्तूचं सगळं काम अचूक प्रमाण हेच आहे, तिच्यासोबत असला चमचा देणं मला सहन होत नाही. टँकमधले जीव त्या चमच्याच्या भरवशावर असतात.

तरी चमच्याने श्रिंप मारले नाहीत, कारण मी शेवटी पेन बघूनच कमी-जास्त करत होते. पेन पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्याला एका गुणकाने गुणून टीडीएस म्हणून दाखवतं. वीज वाहून नेणारे आयन कॅल्शियमचे आहेत की सोडियमचे, हे त्याला कळत नाही. जीएच 7 व केएच 3 असलेलं पाणी आणि जीएच 4 व केएच 6 असलेलं पाणी पेनला जवळपास सारखंच दिसतं. श्रिंपला पहिल्यात कवच बांधता येतं, दुसऱ्यात ओढाताण होते.

हे मला थेंबांच्या किटने दाखवलं (जितक्या थेंबांनी रंग बदलतो, तितके अंश). किट कपाटातच होतं, पण पेन बरोबर असताना थेंब कशाला वाया घालवायचे, या हिशेबाने चार महिने हात लावला नव्हता. 5 मिली पाणी नळीत घेतलं, पांढऱ्या कागदासमोर धरलं. पहिला थेंब, केशरी. हलवलं. दुसरा, केशरी. तिसरा, जरा मळकट. चौथा, हिरवं. मी सातची वाट बघत होते, आधीच्या महिन्यांत सातच यायचा. किट खराब झालं असं धरून नुसतं आरओ तपासलं: पहिल्याच थेंबाला हिरवं. नळाचं तपासलं: पंधराव्या थेंबाला हिरवं. म्हणजे किट ठीक होतं, बादलीतलं पाणीच जीएच 4 होतं. त्याच बादलीचा केएच 6. मग टँकचं पाणी घेतलं: दोन्ही 5. दर आठवड्याला सहावा हिस्सा पाणी बदलत मीच जीएच खाली आणत होते आणि केएच वर नेत होते, आणि पेन रोज 'सगळं ठीक' म्हणत होतं.

विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, पेनवर 200 येतंय ना? मग पावडर बरोबर आहे. खाणं कमी करा, फिल्टर धुवा." मी थेंबांचे फोटो पाठवले, दोन्ही आकडे लिहून पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं की सील उघडलेली बरणी बदलून मिळत नाही, पण मोजमापात अडचण येत असेल तर नवा चमचा पाठवतो. आणि खरोखर चमचा आला. तसाच, बिनरेषेचा. त्या रात्री इथवर लिहिलं होतं आणि खाली एक तारा टाकून पाठवणार होते.

पाठवलं नाही, कारण जीएच पडला कशामुळे हे माझ्याकडे नव्हतं. पुढचं तीन आठवड्यांनी लिहितेय, आणि मत बदललं आहे.

बरणी उजेडात धरून आडवी केली तेव्हा दिसलं. वर चिकटून राहिलेले खडे साखरेएवढे जाड, खाली उरलेली पावडर पिठासारखी. वाळू आणि खडी एका डब्यात घालून डबा हलवत राहिलं तर खडी वर येते, कारण बारीक कण फटींतून खाली सरकतात. माझी बरणी आठ महिने ज्या फळीवर होती, त्याच फळीवर हवेचा पंप होता. पंप रात्रंदिवस थरथरतो, फळी थरथरते, बरणी थरथरते. जीएच देणारे जाड स्फटिक वर आले, केएच देणारा बायकार्बोनेटचा बारीक भाग तळाला बसला. मी वरून घेत गेले म्हणून आधीच्या महिन्यांत जीएच डब्यावरच्यापेक्षा चढाच होता, 7 येत होता, आणि मला तो गुण वाटला होता. वरचा भाग संपला आणि तळाचा सुरू झाला, तिथून मृत्यू सुरू झाले.

पंप तिथे ठेवला तो मी. पण बरणीचं तोंड इतकं अरुंद आहे की आत हात जात नाही, तो चमचाही तळापर्यंत पोचत नाही. पावडर ढवळायची तर कशाने? तिरकी करून आपटली की जाड खडे आधी बाहेर पडतात, म्हणजे वेगळं होणं आणखी वाढतं. 'वापरण्यापूर्वी मिसळून घ्या' ही ओळ बरणीवर नाही. रुंद तोंड दिलं असतं तर मी दर आठवड्याला काडीने ढवळलं असतं आणि 11 श्रिंप आज मॉसवर असते. हे मी रागात लिहीत नाहीये, आकडे तपासून लिहितेय.

उरलेली अर्धी बरणी फेकायला मन होईना. आधी वाटलं, ताटात ओतून मिसळली की झालं. मिसळली, 2 ग्रॅम घेतली: जीएच 4.5, केएच 5.5. (अर्धा अंश असा मोजते: 10 मिली पाणी घेतलं की दोन थेंबांचा एक अंश होतो.) साहजिक आहे, जीएचचा वाटा आधीच वापरून झाला होता. मग वेगळं कॅल्शियम सल्फेट (जिप्सम) आणि मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम मीठ) आणलं. 10 लिटरला उरलेली पावडर 1.1 ग्रॅम, जिप्सम 1 ग्रॅम, एप्सम मीठ 0.5 ग्रॅम. आलं जीएच 7, केएच 3. जिप्सम विरघळायला वेळ घेतं, पहिले काही तास पाणी दुधाळ दिसतं, घाबरून जास्त ढवळायची गरज नाही. हवेच्या दगडावर रात्रभरात साफ होतं. माझा आकडा माझ्या बरणीतल्या उरलेल्या भागासाठी आहे, तुमचा थेंबांनी मोजूनच ठरवा.

दरम्यान एक चूक केली, तीही सांगते. 50 ग्रॅम पावडर अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून घट्ट द्रावण करून ठेवलं, म्हणजे मिसळण्याचा प्रश्नच नको. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाला पांढरा साका, काचेला घट्ट चिकटलेला. इतक्या घट्ट पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र टिकत नाहीत, कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं, आणि जीएच-केएच दोन्ही जातात. फक्त जीएच वाढवणाऱ्या, बायकार्बोनेट नसलेल्या पावडरीत हे कार्बोनेट तयार होत नाही. पण ती क्रिस्टल रेडसारख्या कॅरिडिना गटातल्या श्रिंपसाठी, ज्यांना केएच शून्याच्या जवळ लागतो. चेरीसाठी तिच्यात केएच वेगळा घालावा लागेल: 10 लिटरला 0.3 ग्रॅम खायचा सोडा म्हणजे एक अंश.

टँकचा जीएच एकदम वर नेला नाही. एकदम बदललेलं पाणीसुद्धा श्रिंपला अवेळी कात टाकायला लावतं, आणि इथे आधीच कवचं कच्ची होती. आठवड्यात दोनदा पाच-पाच लिटर, ठिबक नळीने दोन तासांत. तीन आठवड्यांत जीएच 5 वरून 6 वर. शेवटचा मृत्यू दुरुस्तीच्या सहाव्या दिवशी. त्यानंतर मी सकाळी टाकलेली कवचं मोजते, आतापर्यंत 19, सगळी अख्खी. कवचं काढत नाही, श्रिंप ती खातात आणि त्यातलं कॅल्शियम परत मिळवतात.

टेट्रांनी या सगळ्यात काहीही दाखवलं नाही. जीएच 7 असो की 5, ते तसेच पुढे-मागे पोहत, तसेच खाण्यावर झडप घालत. माशाला कात टाकायची नसते, पाण्यातलं कॅल्शियम दोन अंश कमी झालं तरी तो निभावून नेतो. मासे खुश म्हणजे पाणी बरोबर, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. एकाच टँकमध्ये दोन्ही ठेवता तेव्हा श्रिंपचं पाणी श्रिंपसाठीच मोजावं लागतं.

पेनबद्दल थोडं. सहा महिन्यांनी 342 च्या कॅलिब्रेशन द्रावणात 331 दाखवलं, स्क्रूने जुळवून घेतलं. टोक दर वेळी आरओमध्ये धुवा. आणि दुसऱ्याच्या टीडीएसशी आपला ताडून बघताना गुणक विचारा: 320 मायक्रोसीमेन्सचं पाणी 0.5 गुणकाच्या पेनवर 160 दिसतं आणि 0.7 च्या पेनवर 224. पाणी तेच. शक्य असेल तर मायक्रोसीमेन्सच लिहून ठेवा. पेन मी फेकणार नाही. आरओची जाळी थकली का आणि टँकमध्ये बाष्पीभवनाने क्षार साचतायत का, हे ते पटकन सांगतं. पण नवी बादली टँकमध्ये जाण्याआधी आता थेंब मोजते. दहा-बारा थेंब खर्च होतात, होऊ देत.

दुसरी बरणी आणली का? आणली, त्याच पावडरीची. पहिल्या दिवशी अख्खी बरणी कोरड्या ताटात ओतली, गुठळ्या फोडल्या, दहा मिनिटं उलटसुलट केली, काट्यावर 2-2 ग्रॅमच्या पुड्या बांधल्या आणि सिलिका जेलच्या पाकिटांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. डबा पंपापासून लांब, दुसऱ्या फळीवर. वेगवेगळ्या जागेच्या पाच पुड्या तपासल्या. पाचही वेळा जीएच 6, केएच 3, अगदी डब्यावर छापल्याप्रमाणे. म्हणून पावडरीला चार तारे देते, मनापासून. बरणीला आणि चमच्याला एकही नाही. एक तारा विक्रेत्याने घालवला.

कंपनीने हे वाचलं तर दोनच गोष्टी करा. तोंड रुंद करा किंवा 2 ग्रॅमच्या पुड्याच विका. आणि तोवर लेबलवर, प्रमाणाच्या वर, एक ओळ छापा: उघडल्यावर सगळी पावडर बाहेर काढून मिसळा, मग वापरा.